समुद्राचं पाणी, सलाईन, ओआरएस: मिठाचं कुठलं पाणी चालतं आणि कुठलं घात करतं

प्रश्न असा आहे: भर समुद्रात होडीचं इंजिन बंद पडलं, पिंपातलं गोडं पाणी संपलं, तर समुद्राचं पाणी घोट घोट प्यायल्याने काय बिघडतं? मीठ आपण रोज खातो, दवाखान्यात सलाईन लावतात, जुलाब झाले की मीठ-साखरेचं पाणी पाजतात. मग समुद्राचंच पाणी विष कसं?

मीठ विष नाही. सगळा प्रश्न एका लिटरमध्ये किती मीठ आहे याचा आहे, आणि तो तीन आकड्यांत मांडता येतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असतं. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ४७० असतं. आणि आपलं मूत्रपिंड लघवीतून जास्तीत जास्त ३००च्या आसपास सोडियम बाहेर टाकू शकतं, तेही तब्येत ठणठणीत असेल तर. (मिलिमोलचा हिशोब सोपा आहे: एक ग्रॅम मिठात सुमारे १७ मिलिमोल सोडियम असतं.) माणूस मरतो तो तिसऱ्या आकड्यामुळे.

समजा तुम्ही एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलात. त्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास, पैकी बहुतेक आपलं नेहमीचं मीठ. ४७० मिलिमोल सोडियम पोटात गेलं. ते बाहेर टाकायचं तर दर लिटर लघवीला ३०० या दराने दीड लिटरहून जास्त लघवी व्हायला हवी. आत आलं एक लिटर, बाहेर गेलं दीड. वरचा अर्धा लिटर शरीराने स्वतःच्या साठ्यातून घातला. दुसरा लिटर प्यायलात की आणखी अर्धा लिटर. पाणी पीत असतानाच माणूस वाळत जातो, आणि तहान प्रत्येक घोटागणिक वाढते.

इथे एक शंका नेहमी येते. मूत्रपिंड लिटरला १२०० मिलिऑस्मोलपर्यंत (पाण्यात विरघळलेल्या सगळ्या कणांचं मिळून माप) दाट लघवी करू शकतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि समुद्राचं पाणी तर हजार ते अकराशेच्या घरात असतं, म्हणजे हिशोब बसायला हवा. बसत नाही, कारण ते १२०० एकट्या मिठासाठी राखीव नसतात. त्यातली मोठी जागा युरियाला लागते. प्रथिनं मोडली की युरिया तयार होतो, आणि उपाशी माणसाचं शरीर स्वतःचे स्नायू मोडून खात असल्यामुळे तो उपासातही तयार होत राहतो. पोटॅशियमही त्याच रांगेत उभं असतं.

मग गोड्या पाण्यात थोडं समुद्राचं पाणी मिसळून ते पुरवून पुरवून प्यावं का? हा सल्ला अधूनमधून दिला जातो, म्हणून हेही गणित करून पाहू. तुमच्याकडे पाऊण लिटर गोडं पाणी आहे, त्यात पाव लिटर समुद्राचं मिसळलं. झालं एक लिटर, चवीला फारसं वाईटही लागणार नाही. पण त्या पाव लिटरबरोबर ११७ मिलिमोल सोडियम आलं, ते टाकायला जवळजवळ ४०० मिलिलिटर लघवी लागणार. हातात राहिलं ६०० मिलिलिटर. न मिसळता नुसतं गोडं पाणी प्यायला असतात तर ७५० मिलिलिटर हातात राहिलं असतं.

त्यातून समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम आणि सल्फेटही बऱ्यापैकी असतं, आणि ही जोडी म्हणजे जुलाबासाठी देतात ते एप्सम सॉल्ट. आतड्यात ते नीट शोषलं जात नाही, उलट पाणी आतड्यात ओढून घेतं. म्हणजे मूत्रपिंडाचा अर्ध्या लिटरचा तोटा बाजूलाच, वर पातळ जुलाब. हलत्या होडीत उलट्या आधीच चालू असतात.

शरीराच्या आत काय चालतं ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. काकडीच्या फोडींना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, ताटलीत पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. लोणच्याच्या कैरीला मीठ चोळलं की रातोरात खार सुटतो. फोडीच्या बाहेर मीठ जास्त, आत कमी. पाणी आतून बाहेर येतं. रक्तातलं सोडियम वाढलं की शरीरातल्या पेशींचं असंच होतं. सोडियम सहजासहजी पेशीत शिरत नाही, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी आक्रसते. स्नायूंच्या पेशींना हे काही काळ सोसतं. मेंदूला सोसत नाही, कारण तो हाडाच्या कवटीत बसवलेला आहे. मेंदू आक्रसला की मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये पुलासारख्या ताणलेल्या बारीक शिरा फाटू शकतात आणि आत रक्तस्राव होतो. लहान मुलांत हे जास्त दिसतं.

लक्षणांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी न भागणारी तहान, जीभ कोरडी, चिडचिड. मग बोलणं असंबद्ध होतं, हातपाय थरथरतात, गुंगी येते. रक्तातलं सोडियम झपाट्याने १६०च्या वर गेलं की झटके आणि बेशुद्धी यांची भीती खरी होते. १८०च्या पुढे गेलेले प्रौढ रुग्ण वाचतात, पण थोडे. यातली गोम अशी की बुद्धी आधी जाते आणि जीव नंतर. अमेरिकेची ‘इंडियानापोलिस’ ही युद्धनौका ३० जुलै १९४५ रोजी पॅसिफिकमध्ये बुडाली. आठशेहून जास्त खलाशी पाण्यात होते, चार दिवसांनी सुटका झाली, त्यातले ३१६ जगले. शार्कची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण वाचलेल्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली आहे: समुद्राचं पाणी प्यायलेल्यांना भास व्हायला लागले, खाली बुडालेल्या जहाजात गोडं पाणी आहे असं वाटून काही जण बुडी मारून गेले ते परत आले नाहीत.

याच महायुद्धातल्या ब्रिटिश लाइफबोटींचा हिशोब नंतर मांडला गेला. ज्या होड्यांमध्ये माणसं समुद्राचं पाणी प्यायली होती तिथे मृत्यूचं प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि न प्यायलेल्या होड्यांमध्ये सुमारे ३ टक्के. प्यायलेले लोक मुळातच जास्त दिवस, जास्त हाल सोसलेले असणार, त्यामुळे सगळा फरक पाण्याच्या माथी मारता येणार नाही. तरी इतकी मोठी दरी नुसत्या योगायोगाने पडत नाही.

याच्या विरुद्ध बाजूला आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरचं नाव पुढे केलं जातं. १९५२ मध्ये तो रबरी होडीतून एकटाच कॅनरी बेटांकडून निघाला आणि ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोचला. समुद्राचं पाणी थोडं थोडं प्यायल्याने माणूस तरतो, असा त्याचा दावा. पण तो मासे पिळून त्यांचा रसही पीत होता आणि वाटेत त्याला पाऊसही मिळाला. पुढे हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने तसाच अटलांटिक ओलांडून त्याचा दावा खोडून काढला. माशाचा रस समुद्राइतका खारट नसतो, एवढा मुद्दा मात्र खरा आहे. पापलेट किंवा बांगडा जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो, तरी त्याचं मांस मीठ न लावता खाल्लं तर अळणी लागतं. त्याचं रक्त समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट असतं. जास्तीचं मीठ तो कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कुरव पक्ष्याला डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात, त्यातून आलेलं दाट खारं पाणी चोचीवरून ठिबकतं. आपल्याकडे ना कल्ले ना त्या ग्रंथी. जे काही आहे ते मूत्रपिंड.

म्हणून समुद्रात अडकलेल्याने काय करावं ते मोजकंच आहे. कितीही तहान लागली तरी समुद्राचं पाणी नको, लघवीही नको (तीही दाट मिठाचीच). उलटी थांबवणारी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी, कारण एका उलटीत जाणारं पाणी दिवसभरात मिळवता येत नाही. दिवसा सावली करावी, कपडे समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर ठेवावेत म्हणजे घाम वाचतो. संध्याकाळच्या आत ते वाळू द्यावेत. पिण्यासाठी नसलं तरी गार ठेवण्यासाठी तेच पाणी फुकट आहे. पाऊस आला की ताडपत्री आधी पहिल्या सरीत धुऊन घ्यावी, तिच्यावरचं मीठ गेल्यावरच पाणी धरावं. पुरेसं पाणी नसेल तर मासळी आणि सुकट खाऊ नये: प्रथिनं म्हणजे युरिया, युरिया म्हणजे लघवी. साखर, ग्लुकोज बिस्किटं चालतील. हार्वर्डच्या जेम्स गॅम्बलने १९४०च्या दशकात दाखवून दिलं होतं की दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं तरी शरीर स्वतःचे स्नायू मोडणं बरंच कमी करतं आणि लघवीतलं पाणी वाचतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजाच्या लाइफबोटीत माणशी ३ लिटर आणि फुगवायच्या तराफ्यात माणशी दीड लिटर गोडं पाणी असावं लागतं. छोट्या मासेमारी होडीला हा नियम नसला तरी माणशी तीन लिटरचं सीलबंद, रोजच्या पिंपापेक्षा वेगळं पाणी ठेवायला काहीच हरकत नाही.

अलिबागला पोहताना चुकून गिळलेल्या घोटाची काळजी नको. ३० मिलिलिटरच्या घोटात एक ग्रॅम मीठ जातं, वर ग्लासभर पाणी प्या, झालं.

खरं सांगायचं तर महाराष्ट्रात मिठाच्या पाण्याने होणारा मोठा अपघात समुद्रात होत नाही, घरात होतो. कुणी कीटकनाशक प्यायलं, कुणी गोळ्या खाल्ल्या, मुलाने काहीतरी गिळलं, की आजूबाजूचे पहिली हाक देतात: ‘मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊ द्या!’ पेलाभर पाण्यात मीठ कालवून नाक दाबून पाजतात. उलटी झाली नाही की अजून एक पेला. फसगत तिथेच आहे. उलटी झाली तर बरंचसं मीठ बाहेर पडतं, झाली नाही तर सगळं आत राहतं, आणि ज्याला उलटी होत नाही त्यालाच जास्त पाजलं जातं.

आकडे पाहा. ६० किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असतं. जेवणाच्या मोठ्या चमच्याने सपाट भरून तीन चमचे मीठ म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ७६५ मिलिमोल सोडियम. ते ३६ लिटरमध्ये वाटलं की रक्तातलं सोडियम २१ने वाढतं: १४०चं १६१. किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ एकदम पोटात गेलं तर ते जीव घेऊ शकतं, आणि ६० किलोला ते ३० ते ६० ग्रॅम होतं. दहा किलोच्या मुलाच्या अंगात पाणीच सहा लिटर. एक सपाट चहाचा चमचा, पाच ग्रॅम मीठ, त्याचं सोडियम १४ने चढवतं. दोन चमचे २८ने. म्हणजे १४०चं १६८. ज्या विषासाठी हा खटाटोप केला ते कदाचित सौम्य असतं, आणि मूल मिठाने जातं. तान्ह्या बाळाचं मूत्रपिंड तर मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपासच लघवी दाट करू शकतं.

म्हणून विष पोटात गेलं असेल तर उलटी काढू नये, ना मिठाने, ना मोहरीने, ना घशात बोट घालून. रॉकेल, अ‍ॅसिड, फिनेल यांत उलटीने नुकसान दुप्पट होतं. १०८ला फोन करा, विषाची बाटली किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या, कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी आधीच पाजून झालं असेल तर लाजून लपवू नका. डॉक्टरांना चमच्यांत सांगा: किती चमचे, कधी, त्यातलं उलटून किती पडलं. या एका वाक्याने इलाज बदलतो, कारण सोडियम तपासायचं लगेच सुचतं.

आता सलाईन आणि ओआरएस. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे १५४ मिलिमोल. रक्ताच्या जवळपास असल्यामुळे पेशींतून पाणी ओढत नाही. ओआरएस त्याहून पातळ असतं. २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम; सोडियम ७५. त्यातली साखर गोडीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरातले वाहक ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाबात बाकीची दारं बंद झाली तरी हे दार बहुधा उघडं राहतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावर पिंपांतून पाणी वाटलं, आणि पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पण हेच ओआरएस चुकीचं कालवलं तर समुद्र होतं. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. घाईत मोठी पुडी एका ग्लासात, म्हणजे २०० मिलिलिटरमध्ये टाकली तर सगळं पाचपट दाट होतं: सोडियम ३७५, एकूण दाटपणा बाराशेच्या वर. समुद्राच्या पाण्यापेक्षाही दाट. जुलाबाने सुकलेल्या बाळाला ते पाजलं की जुलाब वाढतात, मूल आणखी सुकतं, आणि घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. ‘जास्त ताकदीचं’ म्हणून अर्ध्या लिटरमध्ये करणं हीही तीच चूक, थोडी लहान. पाकिटावर लिहिलेलं माप पाहा, एक लिटरची पाण्याची बाटली मापाला वापरा, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी एकदम घाला, आणि २४ तासांनी उरलेलं फेका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्या आणि नव्याने करा.

शंखप्रक्षालनाबद्दलही (मिठाचं पाणी पिऊन आतडी धुण्याची योगातली क्रिया) विचारलं जातं. त्यात कोमट मिठाचं पाणी साधारण लिटरला दोन चहाचे चमचे, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास घेतात. ते रक्ताइतकंच खारट असल्यामुळे फारसं शोषलं न जाता पोटातून खाली उतरतं. हे समुद्राच्या पाण्यासारखं नाही, पण अनेक लिटर पाण्याबरोबर थोडं शोषलेलं मीठही बरंच होतं. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण असेल तर ते करू नये, आणि ज्याला येतं त्याच्या देखरेखीशिवाय तर कुणीच करू नये.

रक्तातलं सोडियम चढलेल्या रुग्णावर रुग्णालयात काय करतात ते थोडक्यात. रक्तातलं सोडियम, साखर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यावरून कळतं) तपासतात. पाण्याची तूट काढायचं सूत्र सोपं आहे: शरीरातलं पाणी गुणिले (सोडियम भागिले १४०, वजा १). ६० किलोच्या माणसाचं सोडियम १६० असेल तर ३६ गुणिले ०.१४, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. हे पाच लिटर एकदम भरायचे नसतात. सोडियम एक-दोन दिवस चढलेलं राहिलं की मेंदूच्या पेशी आत स्वतःचे क्षार आणि छोटे रेणू साठवून आपला आकार सावरतात. तेव्हा झपाट्याने पाणी भरलं तर तेच साठे पाणी ओढून मेंदू सुजतो. म्हणून २४ तासांत सोडियम साधारण १० ते १२पेक्षा जास्त उतरवत नाहीत, दर काही तासांनी रक्त तपासतात. काही तासांपूर्वी मीठ पाजलेल्या रुग्णाची गोष्ट उलटी असते: मेंदूने अजून साठा केलेला नसतो, तिथे ५ टक्के डेक्स्ट्रोजने (शिरेतून द्यायचं बिनमिठाचं साखरेचं पाणी) झटपट उतरवणंच बरं, प्रसंगी डायलिसिस. रक्तदाब पडलेला असेल तर आधी नॉर्मल सलाईनच देतात. नातेवाईक बिथरतात, ‘मिठाने झालं आणि परत मिठाचंच?’ पण रुग्णाचं सोडियम १६५ असताना १५४चं सलाईन त्याच्यासाठी पातळच असतं.

राहिलं रोजचं खारं पाणी. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात, आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना उन्हाळ्यात हा त्रास असतो. हे पाणी समुद्रासारखं झपाट्याने मारत नाही, मूत्रपिंड ते पेलू शकतं. प्रश्न एकूण मिठाचा आहे. समजा पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि माणूस दिवसाला तीन लिटर पितो: दीड ग्रॅम सोडियम, म्हणजे पावणेचार ग्रॅम मिठाइतकं, जेवणाच्या आधीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी सगळं मिळून पाच ग्रॅम मिठाच्या आत राहा म्हणते. बांगलादेशच्या दाकोप भागात खाऱ्या पाण्याचा आणि गरोदरपणातल्या रक्तदाबाचा संबंध दिसून आला आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. क्लोराईडसाठी हेच दोन आकडे २५० आणि १००० आहेत.

असं पाणी उकळून गोडं होत नाही. जंतू मरतात, मीठ तिथेच राहतं, आणि वाफ गेल्यामुळे दर लिटरला थोडं वाढतंच. तुरटी, कापडाची गाळणी, यूव्ही दिवा यांनीही मीठ निघत नाही. आरओने निघतं, किंवा वाफ धरून पुन्हा पाणी केलं तर. त्याआधी चाचणी करून घ्या, आणि चाचणीत नुसता टीडीएस (विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र आकडा) नको, सोडियम आणि क्लोराईड वेगळे मागा. टीडीएसचा खिशातला मीटर चुनखडीच्या पाण्यालाही तोच आकडा दाखवतो आणि मिठाच्या पाण्यालाही.